बेताल कोण?

गोरेगांवच्या पूर्वेस दिंडोशीला नागरी निवारा ही वसाहत आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर १९७७ सालीं स्थापन झालेली चित्रनगरी. चित्रनगरींत गीताचें चित्रण होतें तेव्हां गाणें बहुधा आधींच मुद्रित झालेलें असतें. नट केवळ ओठ हलवितो. ओठ आणि स्वर यांत किंचित् अंतर पडलें तरी प्रेक्षकास तें तत्काळ खटकतें. हेंच संकट वसाहतींतील एखाद्या दिवाणखान्यांतही उभें राहूं शकतें. परंतु तेथें ठपका भलत्याच माणसावर येतो.

प्रसंग असा कल्पावा. घरांत 'प्लेस्टेशन टू' हें खेळाचें यंत्र होतें. जपानांत तें ४ मार्च २००० रोजीं विक्रीस आलें आणि पुढें जगभर १६ कोटींच्या आसपास खपलें. त्यासाठीं २००७ सालीं 'सिंगस्टार बॉलीवूड' नांवाची तबकडी निघाली. तांबडा आणि निळा असे दोन माइक. पडद्यावर गीताच्या ओळी, व त्यांसोबत आडव्या पट्ट्या. पट्टीची उंची म्हणजे स्वर, लांबी म्हणजे काल. गाणाराचा आवाज रंगीत रेघ होऊन त्याच पट्ट्यांवर उमटतो. यंत्र शब्दांकडे सहसा पाहत नाहीं, सप्तकाचीही पर्वा करीत नाहीं. स्वर व वेळ जुळली कीं गुण देतें. पुरे गुण दहा हजार.

पुढें यंत्र निकामी झालें. तबकडी मात्र शाबूत राहिली. तेव्हां मुलांनीं संगणकावर 'पीसीएसएक्स टू' हा एम्युलेटर बसविला. जुन्या यंत्राच्या आज्ञा नव्या संगणकाच्या भाषेंत उतरवून तो त्या यंत्राचें सोंग हुबेहूब घेतो. एवढें पथ्य मात्र पाळावें लागतें कीं, त्यास लागणारी मूळ आज्ञावली स्वतःच्याच यंत्रांतून काढलेली असावी. कारण तीवर निर्मात्याचा स्वामित्वहक्क आहे.

आजीबाई गावयास बसल्या. उभा जन्म भजनांत ठेका धरलेला. पण प्रत्येक रेघ पट्टीच्या मागाहून उमटूं लागली. नातवंडें हंसलीं. "आतां गळाही ऐकत नाहीं रे बाळांनो," म्हणून त्यांनीं माइक खालीं ठेवला.

दोष गळ्याचा नव्हता. आवाज तुटूं नये म्हणून संगणक तो क्षणभर साठवून सोडतो. बिनतारी स्पीकर आणखी विलंब लावतो. आजीबाई जें ऐकतात त्याच्याशीं बरोबर गातात. पण त्यांचा स्वर माइकमधून परत पोंचेपर्यंत पुन्हा वेळ जातो. भारतांत चालणारी ही तबकडी सेकंदास ५० चित्रें दाखविते, म्हणजे एक चित्र २० सहस्रांश सेकंदांचें. बिनतारी स्पीकरचा विलंब १०० ते २०० सहस्रांशही असूं शकतो. तेवढ्यांत पांच ते दहा चित्रें निघून जातात.

पारख सोपी आहे. तेंच गाणें दोघांतिघांनीं म्हणावें. चूक सर्वांची एकाच बाजूस व सारख्याच मापाची असेल, तर ती यंत्राची. कधीं पुढें, कधीं मागें होत असेल, तर ती गाणाराची. मग तारेचा स्पीकर जोडावा, आवाजाचा साठा आवाज तुटणार नाहीं इतपत कमी करावा, आणि दूरचित्रवाणी-संचावर 'गेम मोड' असल्यास तो लावावा.

एवढें झालें म्हणजे माइक प्रथम आजीबाईंच्याच हातीं द्यावा.