कर्णरक्षक आणि त्यातील रेडिओ



पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याचे घाव घालून भांडी घडविणाऱ्या कारागिरांची ती वस्ती. अशा कारागिरांच्या कानांविषयीची एक जुनी नोंद मात्र इटलीतील आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या वैद्याने 18 व्या शतकाच्या आरंभी, कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात, व्हेनिसचे तांबट दिवसभराच्या ठोक्यांनी हळूहळू बहिरे होतात असे लिहून ठेविले. पुढे 1886 साली ग्लासगोचे डॉ. टॉमस बार ह्यांनी बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा त्यांतील एकाचीही श्रवणशक्ती पूर्णपणे शाबूत आढळली नाही.

हा प्रश्न आता कारखान्याच्या भिंतीआड राहिलेला नाही. पिठाची गिरणी, मळणी यंत्र, पॉवर टिलर, खडी फोडण्याचे यंत्र हे सारे गावाच्या परिचयाचे झाले आहे. इचलकरंजीसारख्या ठिकाणी यंत्रमागांचा खडखडाट घराघरांतून चालतो. अलीकडे बांधावरचे गवत कापण्यासाठी खांद्याला पट्ट्याने अडकवून चालवावयाचा ब्रश कटर खेडोपाडी आला आहे. त्याचे इंजिन चालविणाऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर गर्जत असते. म्हणून काही शेतकरी आता कानांवर इअरमफ चढवू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

इअरमफ म्हणजे दोन्ही कान झाकणाऱ्या प्लास्टिकच्या दोन वाट्या. आत स्पंजाचा थर, कडेला मऊ गादी आणि डोक्यावरून जाणारी, दोन्ही वाट्या दाबून धरणारी कमान. काही इअरमफांत रेडिओ किंवा ब्लूटूथची सोय असते. काम कंटाळवाणे असते. सोबतीला गाणे असले तर हात चांगला चालतो. 1940 साली बी. बी. सी. ने इंग्लंडमधील कारखान्यांतील कामगारांसाठी कामाच्या वेळी संगीताचा कार्यक्रम सुरू केला, तो ह्याच समजुतीने. तेव्हा कामकऱ्याने गाणे ऐकले म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु खेड्यात ह्या वस्तूला सरसकट ‘हेडफोन’ म्हणतात, आणि घोटाळ्याला प्रारंभ येथेच होतो. हेडफोन ही आवाज कानात घालणारी वस्तू आहे. इअरमफ ही आवाज कानाबाहेर ठेवणारी. दिसण्यात साम्य असल्याने एखादा तरुण मोबाइलबरोबर मिळालेली साधी इअरफोनची बोंडे कानात घालून ब्रश कटर चालवितो आणि ‘कान झाकले आहेत’ असे मानून निर्धास्त होतो. वस्तुतः त्याने कानावरील भार दुप्पट केलेला असतो. इंजिनाचा आवाज जवळजवळ तसाच आत येतो. गाणे त्यावरून ऐकू यावे म्हणून तो ते इंजिनाहून मोठे करतो. त्याला जाणवतो तो फक्त आनंद.

हानी का जाणवत नाही, हे शिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे. अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या लवतात व मेंदूला संदेश पाठवितात. गवतावरून एकदा माणूस चालून गेला तर गवत पुन्हा उभे राहते. रोज तेथूनच वाट पडली तर राहत नाही. मनुष्याच्या कानातील ह्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मरतात त्याही प्रथम उंच स्वरांच्या, म्हणजे सेकंदास चार हजार कंपनांच्या आसपासच्या. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. तो म्हणतो, “ऐकू येते, पण लोक स्पष्ट बोलत नाहीत.”

आता थोडे गणित. चौथी-पाचवीच्या वर्गात ते सहज करून घेता येईल. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत ही मर्यादा सुचविली आहे. दर 3 डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावयाचा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा तास आणि 100 ला पाव तास. ब्रश कटर चालविणाऱ्याच्या कानाशी आवाज साधारणतः 95 ते 100 च्या घरात असतो. तो 97 धरला, तर उघड्या कानाने चालविणाऱ्याचा दिवसाचा वाटा एक बांध पुरा होण्याच्या आतच संपतो.

इअरमफच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. अमेरिकी पद्धतीचा आकडा 24 असला, तर 97 मधून 24 वजा करून 73 उरले असे समजणे ही दुसरी चूक. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे, शेतातला नव्हे. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या सूचनेप्रमाणे इअरमफच्या आकड्यातून प्रथम चौथा हिस्सा कमी करावा, म्हणजे 18 राहिले. मग मोजमापाच्या पद्धतीतील फरकासाठी आणखी 7 वजा करावे, म्हणजे 11. कानाशी पोहोचणारा आवाज 86 झाला. ह्या हिशोबाने सहा तासांहून थोडे अधिक काम करता येईल.

आता रेडिओ लावू. युरोपीय मानकाप्रमाणे बनविलेल्या रेडिओयुक्त इअरमफात गाण्याचा आवाज 82 डेसिबलच्या वर जाऊ नये अशी योजना असते. 86 आणि 82 यांची बेरीज 168 होत नाही; ती सुमारे साडेसत्याऐंशी होते. मुलांना ह्याचे मोठे नवल वाटते! पण ह्या दीड डेसिबलाने सहा तासांचा अवधी साडेचार तासांवर येतो. गाण्याची किंमत म्हणून कानाने पावणेदोन तास दिले. हे मर्यादा पाळणाऱ्या यंत्राचे झाले. आवाजाची मर्यादा नसलेले स्वस्तातले यंत्र घेतले, तर हिशोबच उरत नाही. म्हणून खरेदी करताना खोक्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत की नाहीत ते पाहावे: बाहेरचा आवाज किती कमी होतो, आणि आतला आवाज किती मर्यादेत राहतो. ह्यांपैकी एकही आकडा नसलेली वस्तू करमणुकीची समजावी. अमेरिकी सुरक्षा प्रशासनाची मान्यता असल्याचा छाप काही खोक्यांवर असतो. त्यावर भिस्त ठेवू नये. ते प्रशासन कोणत्याही वस्तूला अशी मान्यता देत नाही, असा खुलासा त्याने स्वतःच 2019 साली केलेला आहे.

रेडिओचा आवाज ठरविण्याची एक साधी रीत आहे. यंत्र सुरू करण्यापूर्वी, शांततेत, गाणे बेताचे ऐकू येईल अशा खुणेवर बटण ठेवावे आणि यंत्र सुरू झाल्यावर ते वाढवू नये. इंजिनाच्या आवाजात गाणे बुडत असेल, तर दोष गाण्याचा नसून वाटी नीट बसली नसल्याचा आहे. बातम्या किंवा भाषण लावणे तर टाळावेच. शब्द कळावेत म्हणून हात बटणाकडे जातो. काम संपल्यावर कान वाजू लागले, किंवा घरच्यांचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटले, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली असे समजावे.

वाटी नीट न बसण्याची कारणे आपल्याकडे विशेष आहेत. टोपी, फेटा, डोक्यावरचा पदर, कानातील कुडी, चष्म्याची काडी, दाट केस ह्यांपैकी काहीही गादी आणि त्वचा यांच्यामध्ये आले की फट पडते, आणि आवाजाला फटही पुरते. कापड गादीच्या वरून असावे, खालून नव्हे. घामाने व उन्हाने गाद्या कडक होतात, त्यांना चिरा पडतात. अशा गाद्या बदलाव्यात. ज्याचा कान वाहतो त्याने वैद्याला दाखविल्यावाचून इअरमफ घालू नये, व एकाचा दुसऱ्याने वापरू नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आठ तासांच्या कामात इअरमफ निम्माच वेळ कानावर असेल, तर तो कितीही भारी असला तरी एकूण संरक्षण 3 डेसिबलांपेक्षा अधिक मिळत नाही. पावसात अर्धी वाट छत्री मिटून चालणारा भिजतोच, त्यातला हा प्रकार. ह्या एका बाबतीत रेडिओ उपकारक ठरू शकतो, हे मान्य केले पाहिजे. गाण्याच्या ओढीने माणूस इअरमफ काढीत नाही.

येथवर कानाचा विचार झाला. परंतु ह्या विषयात शाळेला सर्वांत जवळची बाजू दुसरीच आहे.

असे समजा की एक शेतकरी बांधावर ब्रश कटर चालवीत आहे. कानांवर इअरमफ आहे, आत गाणे आहे. सकाळच्या प्रहरी त्याची आठ वर्षांची मुलगी न्याहारी घेऊन येते. ती पाठीमागून येते, कारण पायवाट तेथूनच आहे. ती हाक मारते. रोज घरात एका हाकेला ओ देणारे वडील आज ओ देत नाहीत. मूल काय करील? ते आणखी जवळ जाईल आणि पुन्हा हाक मारील. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते दगड, काच, तारेचा तुकडा जे सापडेल ते भिरकावते. म्हणूनच अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत इतरांनी 15 मीटर दूर राहावे असे बजावलेले असते. वडील वळतात, आणि यंत्रही त्यांच्याबरोबर वळते.

ह्या प्रसंगात कोणी बेपर्वा नाही. बाप कानाची काळजी घेतो आहे, मुलगी घरचे सांगितलेले काम करते आहे. साधा इअरमफही हाक पुष्कळशी दाबतो. रेडिओ उरलेली बुजवितो. ट्रॅक्टर मागे घेताना वाजणारा भोंगा, सोबत्याचा इशारा, यंत्राच्या बदललेल्या आवाजातून कळणारा बिघाड, हे सारे त्याच गाण्याखाली जाते. म्हणून जेथे एकाहून अधिक माणसे किंवा वाहने वावरतात, तेथे रेडिओ बंदच असावा: मळणीच्या खळ्यावर, रस्त्याच्या कडेला, झाड पाडताना. मोकळ्या रानात, एकट्याने, सपाट जागी काम असेल तेथे तो मंद लावण्यास हरकत नाही. बाहेरचे बोलणे मायक्रोफोनने आत घेणारे इअरमफही मिळतात. ते महाग असतात, पण चार जणांत काम करणाऱ्याला उपयोगी पडतात.

बापाला सांगणे ग्रामसभेचे काम असेल. मुलीला शिकविणे शाळेचे आहे. आणि ते मैदानावर एका तासात होते. शिक्षकाने 15 मीटरचे अंतर मुलांकडून टेपने मोजून घ्यावे आणि चुन्याची रेघ मारावी. अंतर म्हणजे नक्की किती, हे पायांना कळले पाहिजे. पुस्तकातले मीटर शेतात आठवत नाहीत. मग एका मुलाने कानांवर हात ठेवून पाठमोरे उभे राहावे, दुसऱ्याने डबा घेऊन यावे. डबेवाल्याने हाक मारावयाची नाही. रेघेच्या बाहेरूनच वळसा घालून समोर यावयाचे, दिसेल असा हात हलवावयाचा, आणि यंत्र बंद होऊन इअरमफ कानावरून उतरेपर्यंत तेथेच थांबावयाचे. मुलांना हा खेळ वाटतो, वाटू द्यावा. तोच घरी करून दाखविण्यास सांगितले की बापालाही खूण कळते. मुलाने स्वतः असे यंत्र हाती धरण्याचा प्रश्नच येता कामा नये. 14 वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामास लावणे कायद्याने निषिद्ध आहे.

वर्गातही थोडे लक्ष असावे. गिरणीवाल्याचे मूल शाळा सुटल्यावर गिरणीत बसते. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीशेजारी तर साऱ्या गावाची मुले नाचतात. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. श्रुतलेखनात ‘सात’ आणि ‘हात’ यांत जो विद्यार्थी वारंवार गफलत करतो, मागून हाक मारल्यास वळत नाही, शिक्षकाच्या ओठांकडे टक लावून पाहतो, त्याला मठ्ठ किंवा उनाड ठरविण्यापूर्वी पुढच्या रांगेत बसवून पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून शाळांतून मुलांची तपासणी होते. पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलांची नावे शिक्षकाकडे लिहून तयार असावीत, नाहीतर शंभर मुलांच्या रांगेत ती मुले तशीच पुढे सरकतात. त्या दिवशी ते मूल गैरहजर असेल, तर घरी निरोप धाडून पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.