पोथी, दुवा आणि वाचक

झाशीचा किल्ला मी प्रथम चढलो तेव्हा विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ बरोबर होता. वरसईचा हा भिक्षुक 1858 च्या वेढ्यात या शहरात अडकला होता. तटावर बसून वाचू लागलो. पण हात वारंवार खिशातील भ्रमणध्वनीकडे जाई. ह्यू रोजचे नाव आले की त्याचे चरित्र, बेटवेचे नाव आले की 1 एप्रिलची तात्या टोपे यांची लढाई! तासाभराने पाहतो तो गोडसेभटजी मागेच राहिलेले आणि मी भलत्याच गावी.

शब्दावर बोट ठेवताच दुसरा मजकूर उघडावा, अशा रचनेला टेड नेल्सन यांनी 1965 साली हायपरटेक्स्ट हे नाव दिले. आमच्या कचेरीतील फायलींत हे काम कागदी चिठ्ठ्या करीत आल्या. ‘अ चिठ्ठी पाहावी’ असे टिपणीत लिहावे, तर साहेब त्या चिठ्ठीतच रमतात आणि टिपणी लिहिणारा ताटकळतो. कोणते आधी, कोणते नंतर, हे ठरविण्याचा लेखकाचा हक्क येथे वाचकाकडे जातो.

पण लेखकाचा शब्द पूर्वी तरी अढळ कोठे होता? ज्ञानेश्वरीत इतरांच्या ओव्या शिरल्या, म्हणून एकनाथांना 1584 साली ती शुद्ध करावी लागली. गोडसे यांचेच पाहा. त्यांचे लिखाण चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापले, ते भाषेत व मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ प्रसिद्ध केला 1966 साली. तोवर दोन पिढ्यांनी वैद्यांची वाक्ये गोडसे यांची म्हणून वाचली. असे दोन पाठ दुव्यांनी जोडून शेजारी ठेवले, तर संशोधकाचे हे काम सामान्य वाचकही काही अंशी करू शकेल. विकिपीडियावर तर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंदच राहते. ज्ञानेश्वरीत ओव्या घुसडणाऱ्यांची अशी नोंद असती, तर नाथांचे श्रम पुष्कळ वाचले असते!

पुढच्या खेपेस यंत्र घरी ठेवून गेलो. भटजी नेतील तिकडे जायचे, असे ठरवून वाचीत राहिलो. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण त्यांनी सांगितली आहे, तेथे आलो आणि सवयीने बोट त्या शब्दावर टेकले. छापील पानच ते, उघडणार काय? आणि यंत्र जवळ असते, तरी त्या पोथ्या कोठून उघडणार होत्या?