उतारवयातील स्नायूंची झीज आणि आपले स्वयंसेवक
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वर्षावासात ग्रंथवाचन संपले की भिंतीला हात लावून, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन उठणाऱ्या आजीबाई आपण पाहतो. 'वय झालं' म्हणतो आणि चपला शोधू लागतो. या झिजेला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर स्नायू दुबळे झाले असावेत असे युरोपातील तज्ज्ञ मानतात.

ही झीज भरून निघते का? बोस्टनमध्ये नव्वदीच्या घरातील अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. पुढे व्हिएन्नात साध्या स्वयंसेवकांना शिकवून अशक्त वृद्धांच्या घरी आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे पाठविले गेले. ते व्यायाम घेत, जेवणाविषयी बोलत. दुसऱ्या गटाकडे स्वयंसेवक केवळ गप्पांसाठी जात. २०१६ साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांचा अशक्तपणा घटलेला दिसला! कोणी दाराशी येते, यालाही मोल आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूला भगवंत आणि आनंद स्वतः आंघोळ घालतात. इतरांनी त्याच्याकडे का पाहिले नाही? तर तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. आपण दरवर्षी ज्येष्ठांना शाल देतो, फोटो काढतो. त्या शालीखालचा दंड किती बारीक झाला, हे पाहायला वर्षभर कोणी जात नाही. यात आम्हीही आलो.

म्हणून विद्यार्थ्यांनी जोडीने आठवड्यातून दोनदा अर्धा तास द्यावा. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढे पुरे. रात्री काय खाल्ले हेही विचारावे. चहा-खारीवर रात्र काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या ताटात घट्ट वरण, अंडे, मासे, दूध यांपैकी काही यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

नावे सभेनंतर चिटणीसांकडे द्यावीत. जिना चढवत नाही म्हणून जे आज इथे आले नाहीत, त्यांच्या घरापासून आपण सुरुवात करू.