गायरान, गुरे आणि कुंपण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेक कुटुंबे शहरांत स्थायिक झाली असली, तरी पुष्कळांची शेती अद्याप गावी आहे आणि तिच्या कडेला गावाचे गायरान आहे. त्या माळाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत चुकीची आहे. पवन्या, मारवेल यांसारखी उत्तम चाऱ्याची गवते माळावरच होतात. परंतु पहिल्या पावसानंतर कोवळे कोंब दिसताच गुरे सोडली, तर मुळे धरण्यापूर्वीच गवत खुरटते. गोड गवत गुरे आधी खातात, त्याचे बी पडत नाही, आणि मागे उरते ती कुसळी. यास उपाय विश्रांतीचा. गायरानाचे तीन-चार भाग करून एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवावा व दरवर्षी पाळीने बदलावा. कायमची बंदीही हितावह नव्हे; न चरलेले गवत जून होऊन वाळते आणि वणव्यास खाद्य मिळते.

कुंपणाचे प्रयोजन या विश्रांतीपुरतेच आहे. आमच्या गावी आम्ही शहाण्यांनी वर्गणी काढून सबंध गायरानास काटेरी तार ओढली. धनगरांची पिढीजात वाट अडली. भूमिहीनांच्या शेळ्यांनी कोठे जावे, हे कोणी विचारले नाही. वर्षाच्या आतच तार ठिकठिकाणी तुटली. त्या ठरावास मीही हात वर केला होता, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पुढे सर्वांस बोलावून वाट मोकळी केली, गवत कापून नेण्याचा हक्क सर्वांस दिला आणि बंद भागाभोवती गुरे तोंड लावीत नाहीत असे घायपात व शेर लावले. ते कुंपण टिकले, कारण ते राखण्यात प्रत्येकाचे हित होते.

हिवरे बाजार येथेही श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० नंतर चराईबंदी पाळली. मात्र बंदी मोकाट चराईस होती, गवत कापून नेण्यास नव्हती.

सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये राज्यांना दिला आहे. आपल्या ज्ञातीतील ज्यांचे बांध गायरानात सरकले असतील, त्यांनी सरकारी मोजणीची वाट न पाहता ते आपण होऊन मागे घ्यावेत, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.