हजेरीपटावरील नाव



प्रार्थना संपते, मुले आपापल्या जागी बसतात आणि गुरुजी हजेरीपट उघडतात. एकामागून एक नावे पुकारली जातात. मध्येच 'दगडू' किंवा 'उकिर्डा' असे एखादे नाव येते आणि मागच्या रांगेत खसखस पिकते. कधी कधी गुरुजींच्या ओठांवरही स्मित उमटते. ज्याचे नाव पुकारले गेले, तो मुलगा मात्र 'हजर' हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून खाली बसतो.

महाराष्ट्रात अशा नावांची वाण कधीच नव्हती. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे पुढच्या अपत्यास मुद्दाम हीन नाव देण्याची चाल होती. धोंडू, दगडू, कचरू, केरू, भिकू ही नावे त्यांतलीच. कोठे मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालीत व त्यास नथू म्हणत. असल्या टाकाऊ जिनसेकडे यमदूत ढुंकूनही पाहणार नाहीत, असा आईबापांचा हिशेब असे. यमाने मुलास सोडले. वर्गातील सोबत्यांनी मात्र सोडले नाही!

मोठेपणी अशी काही माणसे कायद्याची वाट धरतात. प्रतिज्ञापत्र करतात, शुल्क भरतात, आणि शासकीय राजपत्रात जुने व नवे नाव शेजारी शेजारी छापून येते. ज्यांना जुने नाव ठाऊक नव्हते, त्यांनाही ते त्यामुळे कळते! दगडूचा 'प्रकाश' होतो. राजपत्राची प्रत खिशात जपून तो एस्. टी. तून उतरतो, तोच पारावरून हाक येते, "काय दगडूशेठ, कोणीकडे गेला होता?" राजपत्राचा अंमल कचेरीत तत्काळ चालू होतो, पारावर तो चालू व्हावयास एक पिढी लागते.

या प्रश्नावर एका गुरूने फार पूर्वी तोडगा काढला होता. नामसिद्धि जातकात तक्षशिलेच्या एका आचार्याची कथा आहे. त्याच्या एका शिष्याचे नाव होते पापक. "ये पापका, जा पापका" हे ऐकून तो कंटाळला व आचार्यांकडे नवे नाव मागू लागला. आचार्य रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "देशात फिरून ये, जे नाव आवडेल ते ठेवू," असे त्यांनी सांगितले. पापक निघाला. एके ठिकाणी प्रेतयात्रा दिसली. मृताचे नाव होते जीवक. पुढे एका दासीस मजुरी न आणल्याबद्दल मार बसत होता; तिचे नाव होते धनपाली. आणखी पुढे वाट चुकलेला एक मनुष्य भेटला. त्याचे नाव होते पंथक. नाव केवळ ओळखण्यापुरते असते, हे पापकास उमगले व तो आपल्याच नावाने परत आला. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपली म्हण याच वाटेवरची. उलट बाजूही पाहावी. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणारे आणि १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते. त्या नावाला आज कोण हसेल?

तथापि पापकाची ही समजूत सर्वच नावांना पुरत नाही. सातारा जिल्ह्यात अनेक मुलींचे नाव 'नकुसा' असे होते. मुलीच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की, हे नाव ठेवल्यास पुढे मुलगा होतो, अशी समजूत होती. धोंडू या नावामागे मूल जगावे ही तळमळ आहे. नकुसा या नावामागे हे मूल नको होते, असा निरोप आहे. तो निरोप हजेरीच्या वेळी रोज वाचला जातो आणि ती मुलगी उभी राहून त्यास 'हजर' म्हणते. येथे विनोद संपतो. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे समारंभपूर्वक अशा २८५ मुलींस नवी नावे व त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कोणी चित्रपटतारकेचे नाव पसंत केले, तर कोणी पुराणातील सावित्रीचे.

या कामी शिक्षकाचा वाटा मोठा आहे. जनरल रजिस्टरमधील नोंद त्याने स्वतःच्या अधिकारात खोडावयाची नसते. सद्हेतूने केलेली खाडाखोडही पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावेळी मुलासच नडते. मुलाच्या वतीने अर्ज पालकाने करावयाचा, ही गोष्ट त्याने पालकास समजावून सांगावी. जन्माची नोंद नावावाचून झालेली असल्यास, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखालील नियमांप्रमाणे बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून नाव दाखल करता येते. नाव आधीच नोंदले गेले असल्यास राजपत्राचा मार्ग आहे. जितके कागद कमी, तितका बदल सोपा. म्हणून पहिलीचा प्रवेश हीच योग्य वेळ होय.

मात्र आधी मुलास विचारावे. आजोबांचे नाव म्हणून 'धोंडू' अभिमानाने मिरविणारा मुलगाही वर्गात असू शकतो. त्याचे नाव सुधारण्याचा अधिकार कोणासही नाही. तक्षशिलेच्या आचार्यांनीही निवड शिष्यावरच सोपविली होती.

नवे नाव गावाच्या तोंडी बसावयास काळ लागेल. शाळेत मात्र ते पहिल्याच सकाळी बसू शकते. त्या दिवशी गुरुजींनी वा बाईंनी ते नाव सावकाश, स्पष्ट उच्चारावे आणि मुलगी 'हजर' म्हणेपर्यंत हजेरीपटावरून दृष्टी उचलून तिच्याकडे पाहावे.