घरी केलेला रंधा



लाकडात हात घातलेल्या प्रत्येकाला एक अनुभव येतोच. फळीवरून रंधा छान चाललेला असतो, लांबच लांब सालपटं निघत असतात, आणि एका जागी लाकडाची रेषा उलटते. खर्रकन आवाज येतो. हात फिरवून पाहावं तर गुळगुळीत फळीवर खरबरीत खड्डा पडलेला. ऊस दातांनी सोलताना जे होतं तेच इथे झालेलं असतं. धरलेली साल आपल्या मर्जीने तुटत नाही, पुढच्या पेरापर्यंत स्वतःच्या वाटेने सुटत जाते. इथेही पात्याने लाकूड कापलेलं नसतं, उचलून पुढे फाडलेलं असतं. चांगल्या रंध्याचं सगळं कसब हे फाटणं थांबवण्यात आहे. आणि ते कसं थांबतं, हे स्वतः एक रंधा बनवल्याशिवाय हाताला कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पात्याच्या अगदी समोरचं लाकूड वर उठूच दिलं नाही, तर ते फाटत नाही. त्यासाठी पात्याच्या लगेच पुढे रंध्याचा तळ फळीवर दाबून बसायला हवा, आणि पातं जिथून खाली डोकावतं ते रंध्याचं तोंड अगदी अरुंद हवं. पातं आपल्या बैठकीवर गच्च बसलेलं हवं, थरथरता कामा नये. आणि धार हवी. पॉम्पेईच्या राखेत रोमन सुतारांचे लोखंडी तळाचे रंधे सापडले आहेत, त्यांचीही रचना हीच आहे: तळ, तोंड, तिरकं पातं आणि त्याला धरून ठेवणारी पाचर. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लिओनार्ड बेलीने पेचाने पातं खालीवर करायची सोय केली, 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याची पेटंटं घेतली, आणि लोखंडी रंधा जगभर गेला. तो रंधा चांगलाच आहे. पण तो घरी बनवता येत नाही. लाकडी येतो.

जुन्या पद्धतीचा लाकडी रंधा म्हणजे एका अखंड ठोकळ्यात पटाशीने तिरकं, खोल घर कोरायचं. पिढ्यान्‌पिढ्या सुतार ते काम करत आले, पण हौशी माणसाला ते जड जातं. पटाशी आत शिरते तिथे डोळा पोचत नाही आणि बैठक हमखास वाकडी होते. यावरची जी वाट जेम्स क्रेनॉव्ह यांनी लोकप्रिय केली, ती मला फार मोलाची वाटते. क्रेनॉव्ह 1920 मध्ये सायबेरियाच्या पार पूर्व टोकाला, उएलेन नावाच्या गावी जन्मले, अमेरिकेत वाढले आणि स्वीडनमध्ये कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत कपाटं करायला शिकले. 1981 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग इथे विद्यार्थी घडवले. तिथे आलेला विद्यार्थी आधी स्वतःचा रंधा बनवी, मग त्या रंध्याने काम करी. म्हातारपणी नजर अधू झाल्यावर त्यांनी कपाटं थांबवली, पण रंधे करणं सोडलं नाही. 2009 मध्ये ते गेले.

त्यांची युक्ती अशी. ठोकळा कोरायचा नाही, करवतीने कापायचा आणि पुन्हा जोडायचा. दोन्ही बाजूंनी तीन-तीन सूत जाडीच्या फळ्या काढून घ्यायच्या, त्या झाल्या रंध्याच्या भिंती. मधला भाग तिरका कापून त्याचे दोन तुकडे करायचे. मागच्या तुकड्याचा उतार 45 अंशांचा, त्यावर पातं बसणार. पुढच्या तुकड्याचा उतार उलट दिशेने, साधारण 60 ते 65 अंशांचा, म्हणजे सालपटांना वर यायला वाट राहते. मग हे चारही तुकडे पुन्हा चिकटवायचे. जे घर कोरायला जुन्या सुताराला कसब लागे, ते इथे आपोआप तयार होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पात्याची बैठक चिकटवण्याआधी उघडी असते, उजेडात धरून हवी तितकी सपाट करता येते.

लाकूड कुठलं घ्यावं? परदेशी पुस्तकांत बीच, मेपल अशी नावं येतात. आपण त्यांच्यामागे जायचं कारण नाही. आपल्याकडे बैलगाडीची चाकं आणि शेतीची अवजारं बाभळीची करत आले, ते उगाच नव्हे. घासणीला बाभूळ चिवट आहे. मात्र ती दोन-तीन पावसाळे खाल्लेली, पक्की सुकलेली हवी, नाहीतर तडकते. जुन्या शिसवी पलंगाचा खूर हाती लागला तर त्याहून चांगलं काहीच नाही. साग चालतो, फक्त तो तेलकट असल्यामुळे चिकटवायच्या आधी जोड स्पिरिटने पुसून घ्यावा लागतो. ठोकळ्याच्या टोकाकडे पाहिलं की वर्षांची वर्तुळं दिसतात. त्यांच्या रेषा तळाला उभ्या येतील असा तुकडा निवडावा, तो हवेप्रमाणे कमी हलतो. आणि बाजूने पाहताना रेषा पुढून मागे तळाकडे उतरत गेलेल्या असाव्यात. मग रंधा पुढे सरकताना तळाचे तंतू फळीवर अडत नाहीत, उलट घासून घासून गुळगुळीत होतात.

मधला तुकडा पात्याच्या रुंदीपेक्षा अर्ध्या सुताने जास्त ठेवायचा. पावणेदोन इंच पातं असेल तर दोन्ही बाजूंना मिळून तेवढी मोकळीक. भिंतींना भोकं पाडून त्यात एक आडवी दांडी बसवायची. ती पात्याच्या वर राहते, आणि पात्याच्या नि तिच्या मधल्या फटीत पाचर जाते. दांडी गोल ठेवून खालून एकच बाजू सपाट करायची आणि ती भोकात फिरती ठेवायची. पाचर आत गेली की दांडी फिरून पाचरीला पूर्ण टेकते. चिकटवताना तोंड जवळजवळ बंदच ठेवायचं. ते नंतर उघडता येतं, उघडलेलं बंद करता येत नाही.

पात्यासाठी भंगारातला गाडीच्या कमानीचा पाटा लोहाराकडून तासून घेतला तर चालतो. त्याला पाणी देताना पोलाद लालभडक तापवून आधी चुंबक लावून पाहायचं. चुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडा ताव, आणि लगेच कोमट तेलात बुडवायचं. पाण्यात बुडवलं तर हे पोलाद तडकू शकतं. मग दोनशे अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवायचं, म्हणजे घासलेल्या पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळसर रंग चढतो आणि ठिसूळपणा जातो. ज्यांना हे नको त्यांनी सरळ तयार पातं घ्यावं. धारेचा कोन साधारण 30 अंशांचा.

आता खरं काम. चिकटवलेला, तासलेला, हातात छान बसणारा ठोकळा म्हणजे अजून रंधा नव्हे. तो जुळवायचा असतो.

आधी बैठक. दिव्याच्या काजळीत तेलाचा थेंब घालून पात्याच्या पाठीला अगदी पातळ हात द्यायचा, पातं बैठकीवर ठेवायचं, दाबायचं आणि उचलायचं. लाकडावर जिथे काळे ठिपके उमटले तिथेच पातं टेकतं, बाकी सगळीकडे हवा आहे. तेवढेच काळे ठिपके धारदार पटाशीने खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. हळूहळू ठिपके वाढतात, पसरतात, एकमेकांना मिळतात. सगळी बैठक काळी व्हायची गरज नाही. अगदी खाली, तोंडाच्या काठाशी मात्र पूर्ण रुंदीभर काळी रेघ उमटलीच पाहिजे. पात्याला तिथेच आधार हवा, कारण लाकडाचा धक्का तिथे बसतो. वर घट्ट आणि खाली पोकळ अशी बैठक असेल तर पातं थरथरतं आणि फळीवर बारीक लाटा उमटतात. पाचरीलाही हीच काजळी लावायची. पाचरीचा दाब खालच्या टोकाला पोचायला हवा.

मग तळ. इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. तळ सपाट करताना पातं आणि पाचर जागेवर, नेहमीइतकीच ठोकून बसवलेली असली पाहिजेत, फक्त पातं केसभर वर घेतलेलं. पाचरीच्या ताणाने लाकूड किंचित वाकतं. रिकाम्या रंध्याचा तळ सपाट केला आणि मग पाचर ठोकली, तर तो सपाटपणा गेलाच. जाड काचेवर काचकागद चिकटवायचा, तळावर पेन्सिलीच्या तिरक्या रेघा मारायच्या आणि रंधा सरळ पुढेमागे घासायचा. कुठल्या रेघा पुसल्या, कुठल्या राहिल्या, ते पाहत जायचं. पुढचं टोक, मागचं टोक आणि तोंडाच्या लगेच पुढची पट्टी, या तीन जागा एका पातळीत आल्या की पुरे. जपानी सुतार तर मधला भाग मुद्दाम खरवडून खाली घेतात, म्हणजे याच मोजक्या जागा फळीला लागतात. तिन्हींतही तोंडापुढची पट्टी सर्वांत मोलाची. ती फळीला टेकत नसेल, तर सुरुवातीला सांगितलेला खर्रकन आवाज पुन्हा ऐकायला मिळणार.

आता बारीक कानशीने तोंड उघडायचं, एकेक घासा मारत. गुळगुळीत कामासाठी अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट ठेवावी. पात्याच्या वरच्या अंगावर लोखंडी टोपी बसवली तर उलट्या रेषेवर आणखी फरक पडतो. जपानमधल्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि कातो या संशोधकांनी पात्याच्या टोकाशी काय घडतं त्याचं जवळून चित्रण केलं. टोपीचा काठ धारेपासून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जवळ आणला, की सालपट वर उठण्याआधीच मोडून पुढे ढकललं जातं आणि फाटणं थांबतं. ते चित्रण पाहिल्यापासून मी टोपी लावण्याकडे पूर्वीपेक्षा खूप जास्त लक्ष देऊ लागलो.

लाकडी रंध्याला पेच नाही, हातोडी हाच त्याचा पेच. पात्याच्या माथ्यावर हलकी टिचकी दिली की पातं खाली येतं. रंध्याच्या मागच्या टोकावर टिचकी दिली की ते वर जातं. सालपट एका बाजूला जाड येत असेल तर पात्याच्या कडेवर. टिचकी खरंच हलकी हवी, लहान पितळी हातोडी असली तर उत्तम. रंधा उलटा धरून तळावरून एका डोळ्याने पाहिलं की पात्याची धार केसासारखी काळी रेघ दिसते. ती दोन्हीकडे सारखी दिसली की फळीवर टेकवायचा. जपानमध्ये 1997 पासून पातळ सालपटं काढण्याचे मेळावे भरतात, तिथे दहा मायक्रॉनहून पातळ सालपटं निघतात. आपला केस याच्या कितीतरी पट जाड असतो. आपल्याला तिथवर जायची गरज नाही. खिडकीपाशी धरल्यावर पलीकडचं अंधुक दिसावं, इतकं पातळ आणि अखंड सालपट निघालं की फळीला पुढे काचकागद लावावा लागत नाही. कापलेलं लाकूड उजेडात झळाळतं, घासलेलं धूसर दिसतं. हा फरक एकदा पाहिला की डोळा दुसऱ्या कशाने समाधानी होत नाही.

आज प्लायवूड, सनमायका आणि विजेचा रंधा यांमुळे हातरंधा कारखान्यांतून मागे पडला आहे. मोठ्या कामात ते होणारच. घरात मात्र एखादं दार पावसात फुगून अडतं, एखादा पाट करायचा असतो, तेव्हा हा ठोकळा हाताशी असावा.

पावसाळ्यात तो स्वतःही फुगतो, विशेषतः कोकणात. काम झालं की पाचर थोडी सैल करून ठेवावी, आणि पावसाळा लागल्यावर एकदा, थंडी सरताना एकदा, काचेवर पेन्सिलीच्या रेघा मारून तळ पाहून घ्यावा. दर वेळी थोडा तळ जातो, आणि दोन्ही उतार वर उघडत जात असल्यामुळे तोंडही हळूहळू रुंदावतं. काही वर्षांनी ते फारच उघडं वाटू लागलं, तर तोंडाच्या पुढचा भाग दोन सूत खोल कोरून तिथे खैराचा तुकडा चिकटवावा आणि तोंड नव्याने घासून काढावं. खैर नसेल तर बाभळीचाच तुकडा चालेल, फक्त त्याच्याही रेषा पुढून मागे उतरत्या ठेवाव्यात.