रक्ताचा निकाल कुणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत मी गेले होते, तेव्हाची गोष्ट सांगते. सिकलसेलच्या तपासणीचे निकाल आले होते. मुलं-मुली अंगणात ओळीनं बसलेली आणि एक सर कागदावरून नावं वाचत होते – ही वाहक, हा नॉर्मल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. यादी संपवायची होती, एवढंच. बारावीतल्या एका मुलीचं नाव वाहकांत आलं. वर्षभरानं पुन्हा गेले, तर तिची ठरत आलेली सोयरीक मोडली होती. मुलीचं रक्त खराब आहे, असं गावभर झालं होतं.

रक्त खराब नव्हतंच. सिकलसेलचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, आणि वाहक सहसा धडधाकट असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. नवऱ्याच्या रक्तात असा दोष नसेल तर वाहक बाईच्या मुलांना हा आजार होत नाही. म्हणजे प्रश्न दोघांचा आहे, बोट मात्र एकीकडे! त्याच यादीत मुलांचीही नावं होती. त्यांच्यापैकी कुणाचं लग्न मोडल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

तपासणी नको, असं मी म्हणत नाही. वेळेवर निदान झालं तर लेकरं वाचतात. १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. पण हा निकाल तापाच्या निकालासारखा नाही. तो जन्मभर बदलत नाही, आणि एकीच्या रक्तातून आईबाप-भावंडांचीही माहिती बाहेर पडते. मूल वाहक आणि आईबाप दोघंही नाहीत, असा कागद घरात आला तर काय होईल? तपासणीत चूक झाली असेल, हे कुणाला सुचणार नाही. संशय बाईवरच येईल.

मग कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१९च्या माहिती-संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी धरली होती. २०२३च्या कायद्यात तो वेगळा वर्गच उरला नाही. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. अंगणात वाचलेली कागदी यादी त्यात बसणार कशी? दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जातो, मुलीच्या हाती काही पडत नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, पण वाहक नाहीत.

आपल्याच देशात एक वाट मात्र आहे. २०१७चा एच.आय.व्ही.–एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. नीट समजावून, संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही. निकाल दुसऱ्याला सांगण्यावर बंधन आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, विमा यांत भेदभाव करायला मनाई आहे. हे आपोआप मिळालं नाही. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा मिळालं. रक्तातून आलेल्या वारशालाही असंच संरक्षण हवं, वाहकांसकट, आणि कागदावरच्या माहितीलासुद्धा. ज्या बाईचं नुकसान झालं तिला भरपाई मागता आली पाहिजे.

कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या गावात तपासणी असेल तेव्हा आपण तिथं हजर राहू या. निकाल ज्याचा त्याला, एकटं बसवून, समजावून द्यायला लावू. यादी भिंतीवर लागणार नाही, मोबाइलवर फिरणार नाही, हे पाहू. आणि मुलग्यांनाही तितकंच समजावू.

त्या मुलीनं मला विचारलं होतं, "ताई, माझ्या रक्ताचं माझ्याआधी सगळ्या शाळेला कसं कळलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न ती न्यायालयात विचारू शकेल, असा कायदा मला हवा आहे.